पेटीतली पदके आणि पलटणीचा मान

प्रश्न : माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले होते. त्यांच्या पेटीत सहा टोकांचा एक तारा आणि सिंहाची आकृती असलेले एक गोल पदक सापडले. गोल पदकाच्या फितीवर धातूचे एक लहान पान बसवलेले आहे. आजोबांना दोन शौर्यपदके मिळाली होती, असे घरात सांगितले जाते. ते खरे आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताऱ्याची फीत लाल, पांढरी, हिरवी, पांढरी, लाल अशा पट्ट्यांची असेल, तर तो ‘इटली स्टार’ होय. इटलीच्या रणक्षेत्रात सेवा बजावलेल्या सैनिकांना तो मिळत असे. दुहेरी तोंडाच्या ड्रॅगनवर उभा असलेला सिंह ज्या पदकावर आहे, ते ‘वॉर मेडल १९३९-४५’ असून त्यासाठी किमान २८ दिवसांची सेवा पुरेशी होती. म्हणजे ही दोन्ही सेवापदके आहेत, शौर्यपदके नव्हेत.

परंतु आपल्या पेटीतली महत्त्वाची वस्तू ते लहान पान आहे. ते कांस्याचे ओकचे पान असेल, तर आपल्या आजोबांचे नाव सेनापतीने सरकारला पाठवलेल्या युद्धवृत्तांतात गौरवाने घेतले गेले होते, असा त्याचा अर्थ होतो. या सन्मानाला ‘मेन्शन इन डिस्पॅचेस’ म्हणतात. तो शौर्यपदकांच्या खालच्या पायरीवर असला, तरी त्याला कमी लेखू नये; त्या काळी ब्रिटिश पद्धतीत व्हिक्टोरिया क्रॉस हा सर्वोच्च शौर्यसन्मान आणि हा उल्लेख, एवढे दोनच सन्मान मरणोत्तर देता येत असत. प्रत्यक्ष रणांगणावरील शौर्यासाठी शिपाई व हवालदारांना ‘मिलिटरी मेडल’ किंवा ‘इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल’ मिळे आणि त्यांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक व नाव कोरलेले असे. आपल्या पेटीत तसे पदक दिसत नाही.

तरीही केवळ पानावरून निष्कर्ष काढू नये, कारण जुन्या फिती आणि चिन्हे पुष्कळदा अदलाबदल झालेली असतात. अशा उल्लेखांच्या याद्या ‘लंडन गॅझेट’ या सरकारी राजपत्रात छापल्या गेल्या असून त्याचे जुने अंक आता संगणकावर शोधता येतात. शोध नावाने घेण्याऐवजी सैनिकी क्रमांकाने घ्यावा, कारण मराठी नावांची रोमन अक्षरांतील स्पेलिंगे तेव्हा कारकुनागणिक बदलत असत. आणखी एक कळकळीची विनंती अशी, की सणासुदीला भांड्यांबरोबर ही पदके चिंच लावून घासू नयेत आणि फिती धुऊ नयेत. घासण्याने कडेवरची अक्षरे झिजतात आणि नेमका तोच पुरावा नाहीसा होतो.

प्रश्न : लढाईतील पराक्रमासाठी संपूर्ण पलटणीला सन्मान मिळतो, म्हणजे नेमके काय मिळते? त्या पलटणीतील जवान तो छातीवर लावू शकतो का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : भारतीय लष्करात याचे दोन प्रकार विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला युद्धसन्मान, म्हणजे जवानांच्या बोलीतला ‘बॅटल ऑनर’. ज्या लढाईत पलटणीने निर्णायक कामगिरी केली, त्या लढाईचे नाव तिच्या गौरवात कायमचे जोडले जाते आणि तो दिवस पलटण दरवर्षी साजरा करते. आपल्या मराठा पलटणींच्या यादीत केरेन आणि सेनिओ ही नावे दुसऱ्या महायुद्धातली आहेत, तर जमालपूर हे १९७१ च्या बांगलादेश युद्धातले आहे. इटलीतील सेनिओ नदीकाठी ९ एप्रिल १९४५ रोजी नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना गोळीबारातून उचलून आणले आणि पुढे शत्रूच्या मशीनगनी निकामी केल्या, त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. व्हिक्टोरिया क्रॉस एकट्या जाधवांच्या छातीवर लागला. ‘सेनिओ’ हे नाव मात्र तिथे लढलेल्या प्रत्येक अनाम शिपायाचेही आहे. आधीच्या प्रश्नातील साताऱ्याच्या वाचकांनाही हे सांगावेसे वाटते.

दुसरा प्रकार म्हणजे लष्करप्रमुखांचे पलटणीसाठीचे मानपत्र, ज्याला ‘युनिट सायटेशन’ म्हणतात. १९९९ च्या कारगिल युद्धानंतर हे मानपत्र मिळालेल्यांत १३ जम्मू-काश्मीर रायफल्स ही पलटण होती. कॅप्टन विक्रम बत्रा आणि रायफलमन संजय कुमार हे दोन परमवीर चक्र विजेते त्याच पलटणीचे. आपल्याकडे हा मान पलटणीचाच मानला जातो आणि तो पलटणीतच राहतो. अमेरिकेत पद्धत निराळी आहे. तेथील ‘प्रेसिडेन्शिअल युनिट सायटेशन’ची निळी, सोनेरी चौकटीची फीत सैनिक गणवेशावर लावतात, प्रत्यक्ष त्या लढाईत असलेला सैनिक ती कायम लावू शकतो, तर नंतर दाखल झालेला त्या तुकडीत असेपर्यंतच. मला स्वतःला आपली पद्धत अधिक भावते, कारण नव्याने भरती झालेल्या मुलाला तो मान आयता अंगावर मिळत नाही, तर पलटणीच्या नावाबरोबर त्याला तो सांभाळावा लागतो.

प्रश्न : परमवीर चक्र केवळ हुतात्म्यांनाच दिले जाते का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : नाही. आजवरच्या २१ विजेत्यांपैकी १४ जणांना ते मरणोत्तर मिळाले आणि सात जणांनी ते जिवंतपणी स्वीकारले. त्या सातांतील एक आपल्या शेजारच्या कारवार भागातले, बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंता दलाचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावर शत्रूने पेरलेले सुरुंग आणि रस्त्यावर आडवी पाडलेली झाडे ते सलग तीन दिवस गोळीबारात, स्वतः जखमी असताना, दूर करत राहिले. सुरुंगांच्या पट्ट्यातून जाताना रणगाड्याखाली सरपटत राहून ते दोरीच्या साहाय्याने वर बसलेल्या चालकाला इशारे देत होते. रणगाडे राजौरीला पोहोचले, ते त्या वाटेने.