वाचक विचारतात : डबक्यातले बेडूकमासे

प्रश्न : शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर पहिल्या मोठ्या पावसात डबकं साचतं, रात्रभर बेडूक ओरडतात. पुढे उघडीप पडली की पाणी आटतं आणि बेडूकमासे मरतात. ते सिद्धेश्वर तलावात सोडावेत का? शेजारी डासांसाठी डबक्यात गप्पी मासे सोडा म्हणतात.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तलावात नको, तिथल्या माशांपुढे त्यातले फार थोडे टिकतील. दर उन्हाळ्यात कोरडं पडणारं डबकं बेडूक निवडतात ते त्यात मासे नसतात म्हणूनच. गप्पी सोडलेत तर तो फायदाच गेला, कारण कोवळे बेडूकमासे ते टिपतात. डेंग्यूचा डास बहुधा पिंपात आणि कूलरमध्ये वाढतो. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी, म्हणून घरोघरी पिंपं. आधी ती आठवड्याला रिकामी करून घासा.

अंडी घातल्यापासून बेडकाचं पिल्लू पाण्याबाहेर पडेपर्यंत साधारण चार ते सहा आठवडे लागतात, तेवढी उघडीप निभावली की झालं. सर्वांत खोल जागी वीतभर पाणी राहील एवढीच भर घाला. साठवलेलं पावसाचं उत्तम. नळाचं असेल तर बादलीत 24 तास उघडं ठेवा, क्लोरीन उडून जातो. तापलेल्या डबक्यात दुपारी गार पाणी ओतू नका. संध्याकाळी, कडेने, हळू. भात-पोळी अजिबात टाकू नये. ती कुजून पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि बेडूकमासे वर येऊन हवा गिळू लागतात. शेवाळ, कुजकी पानं त्यांना पुरतात.

सगळे गोळा करून एका टबात भरण्याचा मोहही टाळा. मोठ्या पिवळ्या बेडकाचे, म्हणजे बुलफ्रॉगचे, बेडूकमासे इतरांना खातात. जेलीच्या लांब दोऱ्यांत ओवलेले काळे ठिपके दिसले तर ती भेकाची, म्हणजे खरबरीत कातडीच्या बेडकाची, अंडी, ती जागेवरच राहू द्या. पुढचे पाय फुटले की कडेला उतरते दगड हवेत. बाहेर यायला वाट नसेल तर पिल्लू बुडून मरतं.

प्रश्न : शेततळ्याच्या प्लास्टिक कागदावरून बेडूक घसरतात, मरून तरंगतात. उपाय?
— एक शेतकरी, बोरामणी

उत्तर : चारही कोपऱ्यांत काथ्याचा जाड दोर किंवा जुन्या शेडनेटची पट्टी सोडा, कडेकडेने पोहणारा बेडूक शेवटी कोपऱ्यातच येतो. वरचं टोक बांधावरच्या खुंटीला बांधा, खालचं हातभर पाण्यात राहू द्या. वजनाला दगड लावाल तो पोत्यात गुंडाळून, नाहीतर कागदाला भोक पडेल.