‘न्यूनगंड’ की ‘कमीपणा’? अहवालातल्या एका शेऱ्याविषयी

शासकीय कार्यालयात काम करणाऱ्या एका भगिनींच्या कार्यमूल्यमापन अहवालात वरिष्ठांनी ‘न्यूनगंड आहे, बैठकीत मत मांडत नाहीत’ असा शेरा मारला आहे. त्या लिहितात, की बैठकीत त्यांनी तोंड उघडले की त्यांचे बोलणे मध्येच तोडले जाते आणि म्हणून हळूहळू त्या गप्प बसू लागल्या. याला न्यूनगंड म्हणावे काय, आणि न्यूनगंड व कमीपणा यांत फरक कोणता, असे त्यांनी विचारले आहे.

माझ्या मते हा शब्द येथे चुकीचा आहे, आणि त्यामुळे दोषही भलत्याच माणसाच्या माथी बसला आहे.

‘न्यूनगंड’ ही मानसशास्त्राची परिभाषा. ‘नि’ आणि ‘ऊन’ मिळून ‘न्यून’ होतो. आपल्या रोजच्या ‘उणे’चे मूळही याच ‘ऊन’मध्ये आहे. ‘गंड’ म्हणजे गाठ किंवा सूज, जी गलगंड आणि गंडमाळा या रोगांच्या नावांत दिसते. व्हिएन्नाचे मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड आडलर (१८७०–१९३७) यांच्या मांडणीत न्यूनत्वाची भावना लहानपणापासून प्रत्येकातच असते आणि ती माणसाला धडपडायला लावते. परंतु तीच भावना माणसाला जखडून ठेवू लागली, तो झेपण्याजोगे कामही टाळू लागला, की मग तिला गंड म्हणायचे. एखाद्याला न्यूनगंड आहे असे लिहिणे म्हणजे त्याच्या मनात गाठ बसली आहे असे निदान करणे होय, आणि ते निदान करण्याचा अधिकार अहवाल लिहिणाऱ्या वरिष्ठांना नाही.

‘कमीपणा’चे तसे नाही. फारसीतून आलेल्या ‘कमी’ला मराठी प्रत्यय लागून झालेल्या या शब्दाचा अर्थ पुढचे क्रियापद ठरवते. कमीपणा वाटतो तो स्वतःला. कमीपणा आणतो तो दुसरा कोणीतरी. आणि भांडण मिटावे म्हणून समजूतदार माणूस कमीपणा घेतो, तेव्हा त्यात मोठेपणाच असतो. ‘कमी लेखणे’ याहून स्पष्ट आहे. लेखणे म्हणजे गणणे, मानणे; म्हणजे गणणारा कोण, हा प्रश्न त्या क्रियापदातच दडलेला असतो. ‘तिला कमी लेखले जाते’ असे म्हटल्यावर ऐकणारा लगेच विचारतो, ‘कोण लेखते?’ ‘तिला न्यूनगंड आहे’ म्हटल्यावर असे कोणी विचारत नाही. मला या शब्दाची सर्वांत मोठी अडचण वाटते ती हीच.

नव्याने रुजू झालेला, गावाकडून आलेला किंवा इंग्रजीत अडखळणारा कर्मचारी उत्तर ठाऊक असूनही बैठकीत बोलत नाही, तेव्हाही आपण सर्रास न्यूनगंड म्हणून मोकळे होतो. ती बहुतेक वेळा भीड असते, संकोच असतो, नाहीतर साहेबांचे दडपण असते. भीड चेपते आणि दडपण उतरते. या गोष्टी येतात तशा जातात, हे मराठीने क्रियापदांतच नोंदवून ठेवले आहे. गंड मात्र ‘असतो’, ‘जडतो’, फार तर त्याने माणूस ‘पछाडलेला’ असतो. चार दिवसांत चेपणाऱ्या भिडेला असे जडणारे नाव देणे हा त्या माणसावर अन्याय आहे.

उत्तम काम करूनही ‘माझी लायकी नाही, एक दिवस हे उघडे पडेल’ असे वाटत राहणे ही आणखी वेगळी गोष्ट. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये कर्तबगार स्त्रियांच्या अनुभवांवरून तिचे वर्णन केले. ‘आपण तोतये आहोत असे वाटणे’ हे मराठीत तिचे चपखल वर्णन ठरेल, कारण पानिपतानंतर उपटलेल्या सदाशिवरावभाऊंच्या तोतयामुळे हा शब्द आपल्या चांगल्या ओळखीचा आहे.

लेखनाविषयी एवढेच, की शब्द तत्सम असल्याने ‘न्यू’ दीर्घच हवा. ‘न्युनगंड’ हे अशुद्ध. ‘न्यूनगंडाची भावना’ हा प्रयोगही सैल आहे, तेथे ‘न्यूनत्वाची भावना’ म्हणावे.

प्रश्नकर्त्या भगिनींनी या शेऱ्याविरुद्ध अभिवेदन करताना ‘मला न्यूनगंड नाही’ असे लिहू नये. नाकारण्यासाठी का होईना, तो शब्द पुन्हा आपल्याच नावापुढे लागतो. ‘बैठकीत माझे म्हणणे पूर्ण होऊ दिले जात नाही’ असे लिहावे आणि ज्या बैठकांत तसे घडले त्यांच्या तारखा द्याव्यात.