वाचकांचे प्रश्न : लांडग्याचे पिल्लू घरी वाढवावे काय?

प्रश्न : आम्ही पुरंदर तालुक्यातील एका वाडीत राहतो. माळावर मुरूम काढताना एका बिळातून दोन पिल्ले बाहेर आली. त्यांतले एक दगावले आणि दुसरे माझा पुतण्या घरी घेऊन आला. आम्हाला ते कुत्र्याचे वाटले होते, परंतु एका जाणत्या मेंढपाळाने ते लांडग्याचे असल्याचे सांगितले. त्याला आणून आज बारा दिवस झाले. गाईचे दूध आणि कुस्करलेली भाकरी देतो, पण हगवण थांबत नाही. एरवी ते मुलांच्या मागे मागे फिरते, मांडीवर झोपते. कुत्र्यासारखेच मायेने वाढवले, तर ते मोठेपणी राखणीला उपयोगी पडेल का?
— एक शिक्षक, पुरंदर

उत्तर : आपले पत्र हाती पडताच आम्ही आपल्याला दूरध्वनी केला होता. त्याच संध्याकाळी आपण पिल्लू वन विभागाच्या स्वाधीन केले, हे कळले तेव्हा जिवाला बरे वाटले. तरीही या प्रश्नाचे सविस्तर उत्तर छापणे आवश्यक वाटते, कारण लांडग्यांच्या विणीच्या दिवसांत, म्हणजे हिवाळ्यात, अशी पत्रे दरवर्षी येतात आणि ती लिहिणारे बहुतेक जण आपल्यासारखेच कनवाळू असतात.

मराठीत माणसाळणे आणि पाळीव असणे असे दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या दोहोंमधील अंतरातच आहे. एखादा रानटी जीव लहानपणापासून माणसाच्या सहवासात राहिला की तो माणसाळतो, परंतु ते त्या एका जिवापुरते आणि त्याच्या हयातीपुरते असते. त्याच्या पिल्लांच्या बाबतीत सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. पाळीवपणा मात्र वंशात उतरलेला असतो. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे एका स्त्री-पुरुषाच्या शेजारी पुरलेला कुत्रा सापडला, तो सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचा आहे. म्हणजे त्याच्याही आधीपासून कुत्र्याच्या शेकडो पिढ्या माणसाच्या उंबऱ्याशी घडत आल्या होत्या. आपल्या घरातील पिल्लाला ही सारी वाटचाल काही महिन्यांत आणि मुलांच्या मांडीवर पुरी करायची होती, आणि ती त्याच्या हातात नव्हती.

भाकरीचेच उदाहरण घ्या. कुत्र्याच्या आणि लांडग्याच्या जनुकांची तुलना करणारे एक संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. पिठूळ अन्न पचवणारे अमायलेज नावाचे द्रव्य तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत आढळतात, असे त्यात दिसून आले. आपल्या अंगणातला कुत्रा भाकरीच्या तुकड्यावर जगतो, ही त्याच्या पूर्वजांनी माणसाच्या उकिरड्यावर केलेली कमाई आहे. लांडग्याकडे ती नाही. त्या पिल्लाच्या हगवणीला बहुधा गाईचे दूधच अधिक कारणीभूत असावे, कारण या जातीच्या पिल्लांना ते सोसत नाही. पुढे दूध तोडून नुसते बोनलेस मांस दिले, तर चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या, कमतरतेने हाडे वाकतात. आई शिकार गिळून आणते आणि पिल्लांपुढे ओकून टाकते, तेव्हा त्यात मांसाबरोबर हाडे, आतडी आणि काळीजही असते. घरच्या पातेल्यात ते जुळून येत नाही.

आता मायेविषयी. ती कामी येत नाही असे नाही, परंतु तिची वेळ फार लवकर निघून जाते. लांडग्याचे पिल्लू दोन आठवड्यांचे होताच भोवतालचे जग हुंगत फिरू लागते, त्या वेळी त्याला नीट दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. कुत्र्याचे पिल्लू हेच काम चार आठवड्यांनंतर सुरू करते, तेव्हा त्याचे कान उघडलेले असतात. त्यामुळे कुत्र्याचे पिल्लू ज्या वयात माणसाचा आवाज आणि वावर सहज आपलासा करते, त्या वयात लांडग्याच्या पिल्लाला नवा आवाज, नवी आकृती भीतिदायक वाटू लागलेली असते. ऑस्ट्रियात एर्न्स्टब्रुन येथील लांडग्यांच्या संशोधन केंद्रात पिल्ले दहा दिवसांची होण्यापूर्वीच आईपासून वेगळी करतात आणि माणसे रात्रंदिवस त्यांच्याजवळ राहतात, तरीही ती मोठी झाल्यावर त्यांना घरात नव्हे, मोठमोठ्या कुंपणांच्या आत ठेवावे लागते. बुडापेस्टच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग माझ्या मनातून जात नाही. आधी सहज मिळणारे मांस त्यांनी नंतर मिळू नये अशी व्यवस्था केली आणि कुत्रे व हातावर वाढवलेले लांडगे काय करतात ते पाहिले. कुत्रे थोडा वेळ धडपडले आणि मग मान वळवून आपल्या माणसाच्या तोंडाकडे पाहू लागले. लांडगे मांसाशीच झटत राहिले. कुत्रा असा पाहतो तेव्हा आपण त्याला आपला म्हणतो. ती नजर लांडग्याला शिकवून येत नाही.

राखणीचा विचार तर मनातून काढूनच टाकावा. लांडगा परक्या माणसाला पाहून सहसा भुंकत नाही, तो दूर पळतो किंवा लपतो. दीड-दोन वर्षांचा होऊन वयात येऊ लागला की कळपातले स्वतःचे स्थान आजमावू लागतो, आणि त्याच्या दृष्टीने घरातील माणसे हाच कळप असतो. अशा वेळी सर्वांत धाकटे मूल सर्वांत मोठ्या धोक्यात असते. शेळ्या-कोंबड्यांविषयी वेगळे सांगायला नको. माळावर शंभर-दोनशे चौरस किलोमीटरचा मुलूख फिरणाऱ्या जनावराला दहा हाताच्या साखळीवर बांधले की ते एकाच रेषेत येरझारा घालू लागते. मी पशुवैद्यक म्हणून काम करीत असताना एका वस्तीवर असा कोल्हा पाहिला आहे. घरच्या लोकांनी तो ऊसतोडीत सापडल्यापासून अत्यंत जिव्हाळ्याने वाढवला होता. आठ महिन्यांपर्यंत तो मुलींबरोबर खेळत असे. पुढे खाण्याच्या वेळी धाकटी जवळ गेली असता त्याने तिचा हात फोडला आणि त्या दिवसापासून तो खुंट्याला गेला. मी पोहोचलो तेव्हा खुंट्याभोवतीची जमीन गोल खणल्यासारखी झाली होती. त्याला शिकार येत नव्हती, माणसाची भीती उरली नव्हती, त्यामुळे रानात सोडणे अशक्य होते. उरलेले आयुष्य त्याने पिंजऱ्यात काढले. त्या घरातली एकही व्यक्ती निर्दय नव्हती, आणि म्हणूनच ते आठवले की अजून वाईट वाटते.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार लांडगा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत, येतो. त्याला पकडणे हेही कायद्याच्या भाषेत शिकारच ठरते आणि त्याची शिक्षा किमान तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत कारावास व किमान २५,००० रुपये दंड अशी आहे. कोल्हा आणि त्याहून लहान खोकड यांनाही याच अधिनियमाचे संरक्षण आहे. असा प्राणी कोणत्याही कारणाने ताब्यात आला, तर ४८ तासांच्या आत वन अधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवणे बंधनकारक आहे. आपले बारा दिवस झाले होते, परंतु उशीर झाला म्हणून लपवून ठेवणे हा त्याहून मोठा दोष ठरला असता. महाराष्ट्रात वन विभागाचा १९२६ हा निःशुल्क क्रमांक आहे, तो घरोघरी भिंतीवर लिहून ठेवावा असे मला वाटते.

या वाचकांप्रमाणे बीळच उद्ध्वस्त झाले असेल तर गोष्ट वेगळी, परंतु एरवी बिळाशी एकटे दिसणारे पिल्लू अनाथ नसते. आई शिकारीला गेलेली असते, कळपातील थोरली भावंडे आसपास असतात, आणि धोका जाणवला की आई पिल्लांना तोंडात धरून दुसऱ्या बिळात नेते. माणसाचा हात लागला म्हणून ती पिल्लू टाकते, ही समजूत खरी नाही. ऊसतोडीत सापडलेले बिबट्याचे बछडे संध्याकाळी त्याच जागी ठेवून आईशी भेट घडवण्याची पद्धत आपल्या राज्यात रुळली आहे. लांडग्याच्या पिल्लालाही वन विभागाला लगेच कळवले तर अशी संधी मिळते, आणि उचलून नेल्यानंतरचा प्रत्येक दिवस ती संधी कमी करतो. भारतात लांडगे अवघे तीन हजारांच्या आसपास उरले आहेत, वाघांपेक्षाही कमी. माळावरच्या एकेका पिल्लाला म्हणूनच मोल आहे.

एक गोष्ट तातडीची. पिल्लाने घरात कोणाला चावले, ओरखडले किंवा जखमेवर चाटले असेल, तर ती जागा साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजविरोधी लस सुरू करावी. पिल्लू लहान आहे, निरोगी दिसते, या समाधानावर थांबू नये.

प्रश्न : रशियात कोल्ह्यासारखे प्राणी कुत्र्याइतके प्रेमळ केले आहेत, असे वाचले. मग आपल्याकडील खोकडाच्या बाबतीत ते का शक्य नाही?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे, आणि माणसाळणे व पाळीव होणे यांतील फरक त्याहून स्पष्ट कोठेच दिसत नाही. दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ मध्ये नोव्होसिबिर्स्क येथे हा प्रयोग सुरू केला आणि १९८५ मध्ये त्यांच्या निधनानंतर ल्युदमिला त्रुत यांनी तो पुढे चालवला. त्यांनी घेतलेले रुपेरी कोल्हे, म्हणजे खोकडाच्याच जातकुळीतले प्राणी, रानातून आणलेले नव्हते. मऊ केसाळ कातड्यासाठी (फरसाठी) पैदास करणाऱ्या केंद्रांत त्यांच्या पिढ्या आधीच पिंजऱ्यात जन्मल्या होत्या. प्रत्येक पिढीतील सर्वांत सौम्य अशा मोजक्या नर-माद्यांचीच पैदास केली, बाकीच्यांची नाही. चौथ्या पिढीत काही पिल्ले माणसाला पाहून शेपूट हलवू लागली, आणि दहाव्या पिढीतही कुत्र्याइतकी लोचट पिल्ले शेकडा अठराच होती. या कोल्ह्यांना लळा लावून सौम्य केलेले नाही, ते तसेच जन्मतात. घरात आणलेले एक खोकड कितीही लाडात वाढले, तरी या प्रयोगाच्या पहिल्या पायरीवरही उभे नसते. शिवाय घरात ठेवल्यावर मूत्राचा उग्र वास आणि जमीन खणण्याची ओढ ही या सौम्य कोल्ह्यांचीही सुटलेली नाही.

प्रश्न : आम्ही कामानिमित्त जर्मनीत राहतो. येथे लांडग्यासारखी दिसणारी चेकोस्लोव्हाकियन जातीची पिल्ले विकत मिळतात. ती घेणे योग्य ठरेल का? पुढे पुण्याला परतण्याचा विचार आहे.
— एक वाचक, म्युनिक

उत्तर : ही जात चेकोस्लोव्हाकियात १९५५ पासून जर्मन शेफर्ड आणि कार्पेथियन लांडगे यांच्या संकरातून सीमारक्षणासाठी तयार केली गेली. आजच्या नोंदणीकृत पिल्लांमागे अनेक पिढ्या कुत्र्यांच्या आहेत, म्हणून कायद्याने ती कुत्रीच ठरतात. परंतु वंशात मागील चार पिढ्यांत रानटी लांडगा असेल, तर युरोपात त्या प्राण्याला वन्य प्राण्याचेच नियम लागू होतात. लांडग्याचा अंश ताजा असलेल्या संकरित प्राण्यावर कुत्र्यासाठीची रेबीजची लस किती परिणामकारक ठरते, हेही तशा रीतीने सिद्ध झालेले नाही.

माझे मत विचाराल तर आपण हे पिल्लू घेऊ नये. सदनिकेत एकटे ठेवले की ही कुत्री दारे-खिडक्या कुरतडतात, कुंपण ओलांडतात, अनोळखी माणसाला बुजतात, आणि त्यांची दाट लोकर पुण्याच्या उन्हाळ्यासाठी नाही. पुण्याच्या बाबतीत आणखी एक काळजी आहे. तेथील माळरानावर लांडगे आणि कुत्रे यांचा संकर झाल्याचा जनुकीय पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय लांडग्याची शाखा फार प्राचीन आणि वेगळी आहे आणि मोकाट कुत्र्यांमुळे ती आताच भेसळीच्या संकटात आहे. घरातून निसटलेला असा एक कुत्राही त्या संकटात भर घालू शकतो. तरीही घेण्याचे ठरवलेच, तर विक्रेत्याकडून किमान पाच पिढ्यांची वंशावळ आणि नोंदणीचे कागद आधी मागून घ्या, आणि ते हाती येईपर्यंत मुलांना पिल्लू दाखवायला नेऊ नका.