स्कर्मिऑन करंटने ढकलता येतात, मग त्याची मेमरी अजून बाजारात का नाही?

माझी पीएचडी यातच गेली म्हणून लिहितो. ढकलणं सोपंय हो, सरळ नेणं अवघड.

चुंबकात प्रत्येक अणूचं स्पिन म्हणजे एक बाण समजा. सगळे वर बघतायत, एका ठिकाणी मधला बाण खाली, आणि तिथून बाहेर येताना बाण हळूहळू वळत वळत परत वर होतात, ती गाठ म्हणजे स्कर्मिऑन. डोक्यावरचा भोवरा कितीही विंचरला तरी जात नाही ना, तसंच काहीसं. (अमर वगैरे नाही, पुरेसा धक्का दिला की पुसला जातो.) 2009 ला म्युनिकच्या ग्रुपला मँगनीज सिलिसाइडमधे ते सापडले तेव्हा टेंपरेचर होतं उणे 245 डिग्रीच्या आसपास. 2013 ला हॅम्बुर्गमधे मायक्रोस्कोपच्या सुईने एकेक लिहून आणि पुसून दाखवला, तोही तसाच थंडगार. रूम टेंपरेचरला हवे असतील तर प्लॅटिनम, कोबाल्ट, टँटलमचे नॅनोमीटरच्या हिशेबातले थर एकावर एक चढवतात.

आता अशा थरांच्या पातळ फिल्ममधून करंट सोडला की जड धातूतून (प्लॅटिनम, टँटलम) स्पिन कोबाल्टमधे शिरतात आणि स्कर्मिऑन चालायला लागतो, पण ऑफस्पिनरचा बॉल हवेत ड्रिफ्ट होतो तसा तिरका, आणि पट्टीच्या कडेला जाऊन आपटला की संपला, तुमची बिट गेली (मेमरीत स्कर्मिऑन असणं-नसणं म्हणजेच माहितीची एक बिट). याला स्कर्मिऑन हॉल इफेक्ट म्हणतात.

त्यात पिनिंग, म्हणजे स्कर्मिऑन एकाच जागी अडकून बसणं. मी केर मायक्रोस्कोपवर (प्रकाशाने चुंबकाची दिशा दाखवणारा) बसायचो, करंटची एक पल्स मारायची, नंतरच्या फोटोतून आधीचा वजा करायचा, जे हलले ते काळे-पांढरे जोडीने दिसतात. बरेचसे हलायचेच नाहीत! एक स्कर्मिऑन तर असा, चुंबकीय फील्ड वाढवून सगळं पुसलं, नव्याने बनवले, तरी परत त्याच जागी येऊन बसायचा, आम्ही त्याला घरजावई म्हणायचो. दोष त्याचा नाही, फिल्मच दाणेदार असते आणि काही जागा त्याला जास्त सोयीच्या पडतात.

ड्रिफ्टवर उपाय आहे, दोन चुंबकीय थर उलटसुलट जोडायचे म्हणजे एकाचा ड्रिफ्ट दुसरा कापतो. 2024 ला फ्रान्समधल्या ग्रुपने असे स्कर्मिऑन सेकंदाला 900 मीटरपर्यंत पळवले, ते वाचून मला खरंच जरा जळायला झालं. दाण्यांचं दुखणं मात्र तिथेही आहेच, म्हणून आता काही जण हेलियमचे आयन मारून फिल्मवर आधीच वाट आखून ठेवतात, स्कर्मिऑन त्या वाटेबाहेर सहसा जात नाही.