सहा तोळ्यांचा हिशेब

"माझा गुन्हा एवढा मोठा आहे की अल्लाह माफच करणार नाही." रत्नागिरीत समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसून हे बोललेली माणसं बरीच. त्यातल्या एकाची ही गोष्ट. ओळखीचे तपशील बदललेत.

आखातात 22 वर्षं ड्रायव्हरकी करून परतलेला पन्नाशीचा गृहस्थ. रात्री तहज्जुदच्या जादा नमाजला उठायचा, पाच-पाचदा वजू (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुणं) करायचा, तरी पाक झाल्यासारखं वाटायचं नाही. मला हा मंत्रचळ वाटला, तीच शंका पुन्हा पुन्हा येण्याचा आजार. डॉक्टरांकडे पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या. ते चुकलं नव्हतंच.

धीर द्यायला मी सूरह जुमरची 53वी आयत काढली: अल्लाहच्या रहमतीबद्दल निराश होऊ नका, तो सगळे गुन्हे माफ करतो. त्याला ती अरबीत तोंडपाठ! मीच ओशाळले. मग त्यानंच 99 खून करणाऱ्याची हदीस, म्हणजे पैगंबरांनी सांगितलेली गोष्ट, सांगितली. शंभरावा खूनही केलेला तो माणूस तौबा करून भल्या लोकांच्या गावी निघतो, वाटेतच मरतो. फरिश्ते दोन्ही गावांपर्यंतचं अंतर मोजतात. चांगलं गाव वीतभर जवळ निघतं, आणि तो माफ होतो.

"त्याला माफी, मला नाही, मॅडम."

"तो निघाला तरी होता. तुम्हाला कुठं जायचंय?"

बराच वेळ तो टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिला. मग निघालं ते सोनं. आई वारल्यावर तिच्या सहा तोळ्यांच्या बांगड्या विकून त्यानं व्हिसाचे पैसे भरले होते. बहिणीला सांगितलं, आजारपणात गेल्या.

इथं माझं काम संपतं. मी त्याला त्याच्याच मोहल्ल्यातल्या मौलानांकडे पाठवलं. ते म्हणाले, गुन्हा सोडणं, पस्तावणं, पुन्हा न करण्याचा इरादा, ही झाली अल्लाहची बाजू. पण हा हुकूकुल इबाद, माणसाचा हक्क; तो ज्याचा त्यालाच द्यायचा. वारस दोघंच, भावाला दोन हिस्से, बहिणीला एक. म्हणजे दोन तोळे.

इतकी वर्षं तो सजद्यात जी माफी मागत होता, तिचा एक दरवाजा चिपळूणला होता.

गेला. बहिणीनं सोनं ठेवून घेतलं, चहा मात्र विचारला नाही. पुढच्या ईदला तिचा फोन आला, दोन मिनिटांचा.

वजू अजून दोनदा होतो म्हणतो. गोळी चालू आहे.