दोन मीटर लांब डीएनए केंद्रकात मावतो कसा, आणि त्याचा गुंता का होत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे: माणसाच्या एका पेशीतला डीएनए दोन मीटर लांब आणि केंद्रक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान, मग तो आत कोंबला कसा जातो? गुंता होत नाही का? आणि सगळ्या पेशींत तो सारखाच रचलेला असतो का?

मी नाशिकला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. कांद्याच्या मुळांचं प्रॅक्टिकल आलं की हा प्रश्न येतोच, आणि कांद्याच्या बाबतीत तो आणखी अवघड होतो. कांद्याच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे ११ मीटर भरतो! आपल्या द्राक्षाचा जेमतेम फूटभर.

आधी जागेचं बघू. धागा लांब असला तरी त्याची जाडी फक्त दोन नॅनोमीटर आहे (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोमीटर, त्याचा हजारावा भाग म्हणजे नॅनोमीटर). घनफळ काढलंत तर दोन मीटरचे सहा-साडेसहा घन मायक्रोमीटर होतात. आठ मायक्रोमीटर व्यासाच्या केंद्रकाचं घनफळ सुमारे २७०. म्हणजे नुसता डीएनए अडीच टक्केही जागा अडवत नाही. त्यामुळे ‘कोंबला जातो’ हे मनातून काढून टाका. खरी अडचण गुंत्याची, आणि त्याहून मोठी म्हणजे हवं ते जनुक हव्या त्या वेळी हाताशी असण्याची.

गुंत्यासाठी येवल्याची आसारी, म्हणजे पतंगाचा दोरा गुंडाळायची फिरकी, आठवा. संक्रांतीला गच्चीवर दोऱ्याचा ढीग पडला की तो दोरा गेलाच, पण आसारीवरचा दोरा कितीही लांब असो, सरसर सुटतो. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या आठ रेणूंच्या गोळ्याभोवती जवळजवळ पावणेदोन वेढे घेतो. त्यात १४७ बेसजोड्या, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या, लागतात. याला न्यूक्लिओसोम म्हणतात. फरक एवढाच की पतंगाच्या दोऱ्याला एक आसारी, इथे एकेका धाग्यावर लाखो, एका पेशीत मिळून सुमारे तीन कोटी. तरीही गाठी पडतातच. मग टोपोआयसोमरेज हे विकर (एन्झाइम) एक धागा कापतं, दुसरा त्या फटीतून पलीकडे काढतं आणि कापलेलं पुन्हा जोडून टाकतं.

यापुढे पुस्तकात या न्यूक्लिओसोमच्या माळेची ३० नॅनोमीटर जाडीची आखीव दोरी दाखवतात. परीक्षेसाठी मीही ती काढून घेते, पण २०१७ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने माणसाच्या पेशींचं केंद्रक पाहिलं तेव्हा तिथे ५ ते २४ नॅनोमीटर जाडीची वेडीवाकडी साखळी दिसली, कुठे विरळ, कुठे दाट. हे मुलांना सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. प्रत्येक गुणसूत्राचा, म्हणजे डीएनएच्या एकेका अखंड धाग्याचा, केंद्रकात आपला इलाखा असतो. शास्त्रज्ञ कार्ल राब्ल यांनी १८८५ मध्ये तसा अंदाज बांधला, बोव्हेरी यांनी १९०९ मध्ये त्याला नाव दिलं. पुढे जर्मनीतल्या क्रेमर या शास्त्रज्ञ बंधूंनी लेझरचा बारीक किरण केंद्रकाच्या एकाच ठिपक्यावर मारला. सगळे धागे शेवयांसारखे एकमेकांत मिसळलेले असते तर बहुतेक गुणसूत्रांना इजा झाली असती. झाली ती मोजक्याच गुणसूत्रांना. माणसाची १८ आणि १९ क्रमांकाची गुणसूत्रं आकाराने साधारण सारखी. पण १९ वर जनुकांची दाटी, ते आतल्या बाजूला. १८ वर जनुकं कमी, ते कडेला.

या इलाख्यांच्या आतही वाटण्या आहेत. २००९ पासून हाय-सी पद्धतीने हे मोजता येतं: फॉर्मल्डिहाइडने सगळं जागच्या जागी थिजवायचं, डीएनए कापायचा, शेजारी पडलेली टोकं जोडायची आणि कोण कोणाला जोडलं गेलं ते वाचायचं. त्यातून चालू जनुकांचा भाग आणि बंद जनुकांचा भाग वेगळे कळले. २०१२ मध्ये त्याहून लहान वाड्या, म्हणजे आपापसातच जास्त भिडणारे डीएनएचे पट्टे, सापडल्या. कोहेसिन हे कड्यासारखं प्रथिन धागा ओढून त्याचा फास मोठा करत जातं आणि सीटीसीएफ प्रथिन बसलेल्या सीमेपाशी थांबतं.

सीमा गेली तर? बर्लिनच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की एका ठिकाणी सीमेसकट तुकडा गळालेल्या माणसांची बोटं आखूड होतात, कारण ‘चालू हो’ हा आदेश सीमेपलीकडच्या भलत्याच जनुकाला पोचतो. उंदरात सीमा शाबूत ठेवून बाकीचा तुकडा काढला, तर तो बिघाड झाला नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, सगळीकडे सारखी रचना नसते. एरवी बंद, घट्ट डीएनए केंद्रकाच्या कडेला असतो. उंदरासारख्या निशाचर सस्तन प्राण्यांच्या डोळ्यातल्या दंडपेशींत (मंद उजेड टिपणाऱ्या पेशींत) मात्र तो मधोमध गोळा झालेला असतो, आणि तो गोळा इवल्याशा भिंगासारखा अंधारातला प्रकाश पुढे पोचवतो.