एच-४ वर इंटिरिअर डिझाइन: कॉलेज निवडण्याआधी युनिट मोजा

प्रश्न : मी ३४ वर्षांची, पुणे विद्यापीठाची बी.कॉम. नवऱ्याच्या एच-१बी नोकरीमुळे तीन वर्षांपासून कॅलिफोर्नियात, सनीवेलला एच-४ व्हिसावर राहते. मुलगी शाळेत जाते. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) इंटिरिअर डिझाइन शिकायचं मनात आहे, पण ओळखीचे म्हणतात, ‘ते दुय्यम असतं, खासगी आर्ट स्कूलच कर.’ दोन वर्षांत नोकरी लागेल का? आणि पुढेमागे पुण्याला परतलो तर या शिक्षणाचा उपयोग होईल का?

उत्तर : नमस्कार. दर्जाची चिंता बाजूला ठेवा. तुमच्या बाबतीत खरा प्रश्न व्हिसाचा आणि युनिटच्या, म्हणजे क्रेडिटच्या, हिशोबाचा आहे.

एच-४ वर शिकायला वेगळी परवानगी लागत नाही. एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावरच्यांसारखी सेमिस्टरला १२ युनिट घेण्याची सक्तीही नाही, एकच विषय घेतला तरी चालतं. मात्र काम करायला ईएडी हे कामाचं परवानापत्र लागतं, आणि ते तुमच्या यजमानांचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाला असेल किंवा त्यांचा एच-१बी ग्रीन कार्डच्या प्रक्रियेमुळे सहा वर्षांपुढे वाढवलेला असेल तरच मिळतं. अभ्यासक्रमाच्या शेवटी बहुधा इंटर्नशिप असते आणि नेमकं तिथेच गाडं अडतं. पगारी इंटर्नशिप ईएडीशिवाय करता येत नाही. ‘बिनपगारी आहे, मग काय हरकत’ हा समजही धोक्याचा. फर्मच्या उपयोगाचं काम तुम्ही करत असाल तर इमिग्रेशनच्या नजरेत ती नोकरी ठरू शकते. म्हणून आज रात्रीच यजमानांना विचारा, आय-१४० कुठवर आला आहे. पुढचं सगळं वेळापत्रक त्या उत्तरावर मांडायचं.

आता फी. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला युनिटमागे ४६ डॉलर पडतात. ६० युनिटच्या असोसिएट (दोन वर्षांच्या) डिग्रीचे २,७६० डॉलर झाले, त्यावर किरकोळ शुल्क आणि साहित्य. अनिवासी ठरलात तर युनिटमागे आणखी काहीशे डॉलर. एच-४ धारकाला इथलं रहिवासीपण सिद्ध करता येतं. त्यासाठी सत्र सुरू होण्याआधी राज्यात एक वर्ष आणि एक दिवस वास्तव्य आणि इथेच राहण्याचा इरादा दाखवावा लागतो. ऑनलाइन अर्जात व्हिसाचा प्रकार भरला की काही वेळा अनिवासी असा शिक्का बसतो. तो निमूटपणे मान्य करू नका. भाडेकरार, राज्याचं टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स, आय-९४ (प्रवेशाची नोंद) आणि आय-७९७ (इमिग्रेशनची मंजुरीची नोटीस) घेऊन अ‍ॅडमिशन ऑफिसात फेरतपासणी मागा. फेडरल आर्थिक मदत मात्र एच-४ ला मिळत नाही, त्या अर्जात वेळ घालवू नका.

सनीवेलहून गाडीने जाता येतील अशी दोन कॉलेजं आहेत : सॅराटोगाचं वेस्ट व्हॅली आणि रेडवूड सिटीचं कन्याडा. दोन्हीकडे हा विषय आहे. ‘सीडाची (इंटिरिअर डिझाइनच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेची) मान्यता नाही’ असा आक्षेप तुम्ही ऐकला असेल. सीडा बॅचलर आणि त्यापुढच्या अभ्यासक्रमांनाच मान्यता देते. दोन वर्षांच्या कोर्सला ती नसणं हे कमअस्सलपणाचं लक्षण नव्हे. खासगी शाळेत या टप्प्यावर मोठी रक्कम घालावी असं मला तरी वाटत नाही. पुढे बॅचलर करावंसं वाटलं तर सॅन होजे स्टेटमध्ये इंटिरिअर डिझाइनची बीएफए ही पदवी आहे. कुठला विषय तिथे धरला जाईल हे असिस्ट या सरकारी संकेतस्थळावर आधी पाहून मगच विषय घ्या.

विषय निवडताना एक खाच लक्षात ठेवा. डिग्री ६० युनिटची असली तरी त्यात इंग्रजी, गणित, समाजशास्त्रही मोजलेलं असतं. एनसीआयडीक्यू या राष्ट्रीय परीक्षेला बसायचं तर निदान ४० सेमिस्टर युनिट इंटिरिअर डिझाइनचेच लागतात. काही सर्टिफिकेटं त्याहून कमी युनिटची असतात आणि ही गोष्ट कोर्स संपल्यावर कळते. कॅलिफोर्नियाची स्वतःची सीआयडी (सर्टिफाइड इंटिरिअर डिझायनर) नोंदणीही आहे; दोन वर्षांच्या अभ्यासक्रमानंतर चार वर्षांचा अनुभव धरून तिची परीक्षा देता येते. ती ऐच्छिक आहे, तिच्याशिवायही काम करता येतं. तुमच्या बी.कॉम.चं मूल्यमापन नेसेस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थांच्या संघटनेच्या सदस्य संस्थेकडून करून घ्या, सामान्य विषयांतले काही युनिट घेण्यापासून सुटका होऊ शकेल. किती, ते कॉलेज ठरवेल.

वेळेचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. एका युनिटमागे सेमिस्टरभरात साधारण ४८ तासांचं काम धरलेलं असतं, म्हणजे तीन युनिटचा विषय आठवड्याला आठ-नऊ तास खातो. स्टुडिओचा, म्हणजे प्रात्यक्षिक डिझाइनचा, विषय याहून जास्त. मुलीची शाळा सांभाळून सहा युनिट ही तुमची मर्यादा समजा. त्या वेगाने डिझाइनचे ४० युनिट व्हायलाच सात सेमिस्टर लागतात, तेव्हा ‘दोन वर्षांत’ हे डोक्यातून काढून टाका. शिवाय विषय साखळीने येतात : ड्राफ्टिंग (हाताने आराखडे काढणं) झाल्याशिवाय कॅड (संगणकावर आराखडे) नाही, कॅडशिवाय पुढचा स्टुडिओ नाही, आणि काही विषय फक्त फॉलमध्ये असतात. एक कडी चुकली की वर्ष गेलं. पहिल्याच सत्रात काउन्सेलरकडून लेखी एज्युकेशन प्लॅन करून घ्या, फुकट असतो.

सुरुवात ड्राफ्टिंग आणि साहित्य-फिनिश या दोन विषयांनी करा. रंगसंगतीचा विषय मोहक वाटतो, पण हे क्षेत्र झेपतंय की नाही ते ड्राफ्टिंगच सांगतं. स्केलपट्टी आर्किटेक्टची त्रिकोणी घ्या. इंजिनिअरची पट्टी दिसायला तशीच असते, पण तिच्यावर पाव इंचाला एक फूट हे प्रमाण नसतं. लॅपटॉप विंडोजचा घ्या, १६ जीबी रॅम किमान, ३२ असेल तर उत्तम. रेव्हिट हे इमारतींच्या आराखड्यांचं सॉफ्टवेअर मॅकवर थेट चालत नाही, आणि महागडा मॅक घेऊन बसलेले विद्यार्थी दर सत्रात दिसतात. ऑटोकॅड आणि रेव्हिट विद्यार्थ्यांना मोफत मिळतं.

मापं अंगवळणी पडायला हवीत. ओट्याची उंची ३६ इंच, पण अपंगांसाठीच्या एडीए मानकांत कामाचा ओटा जास्तीत जास्त ३४. दाराची मोकळी रुंदी किमान ३२, व्हीलचेअर वळायला ६० इंचांचं वर्तुळ. स्वयंपाकघरात एकटं माणूस वावरणार असेल तर दोन ओट्यांमध्ये ४२ इंच, दोघं असतील तर ४८. सिंक, शेगडी, फ्रिज या त्रिकोणाच्या बाजूंची बेरीज २६ फुटांपलीकडे नको. बे एरियात नवख्यांना पहिली नोकरी सहसा किचन-कॅबिनेटच्या शोरूममध्ये, टाइल-दगडाच्या विक्रेत्याकडे किंवा बिल्डरच्या डिझाइन सेंटरमध्ये लागते; नामवंत फर्ममध्ये क्वचित. तिथे पोर्टफोलिओत चकचकीत रेंडरपेक्षा (संगणकावरच्या चित्रापेक्षा) मापं टाकलेला प्लॅन, सीलिंग प्लॅन, एलिव्हेशन (भिंतीचं समोरून दिसणारं रेखाचित्र) आणि फिनिशचं वेळापत्रक बघतात. पूर्ण सोडवलेले तीन प्रकल्प पंधरा चित्रांपेक्षा भारी.

ईएडी आल्यावर स्वतंत्र काम घेतलंत तर सल्ला, ड्रॉइंग आणि निवड एवढ्यावर थांबा. मजूर लावून संपूर्ण रिमॉडेलिंगचा ठेका घेतलात तर कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स लागतं. ईएडी नसताना मैत्रिणीचं घर पैसे घेऊन सजवणंही नको, झेल या पैसे पाठवायच्या अ‍ॅपने पैसे आले तरीही.

पुण्याचं म्हणाल तर तिथे इंटिरिअर डिझायनरला परवाना लागत नाही. फक्त ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद १९७२ च्या कायद्याने राखलेलं आहे. प्लॅनिंग, प्रकाशयोजना, सॉफ्टवेअर हे सगळं बरोबर येईल. बांधकाम मात्र नव्याने शिकावं लागेल. कॅलिफोर्नियातलं घर म्हणजे सोळा-सोळा इंचांवर लाकडी स्टड (उभे खांब) आणि वर ड्रायवॉल (जिप्समचे पत्रे). पुण्यात वीट-काँक्रीट, जिथे प्लगची जागा बदलायची तर भिंत फोडावी लागते. मापं मिलिमीटरमध्ये, प्लाय आठ बाय चार फुटांच्या शीटमध्ये, आणि सुतार साइटवरच बसून काम करणारा. एका शीटमधून किती शटर निघतील हा हिशोब इथे कोणी शिकवणार नाही. परतायचं पक्कं झालं तर पहिले सहा महिने तिथल्या एखाद्या टर्नकी (सगळं काम पूर्ण करून देण्याचं) काम करणाऱ्याकडे साइटवर काढा आणि स्वयंपाकघराचं एक बीओक्यू (साहित्य आणि कामाच्या प्रमाणांची यादी) स्वतः बनवून त्याच्याकडून तपासून घ्या.